जुजबंदी

आजपासून स्वयंपाकघरातलं टेबल माझं.
पाव, बशा, बोगोमिरचं वर्तमानपत्र,
सगळं खिडकीच्या कट्ट्यावर ढकललंय.
वडिलांच्या मधपेट्यांच्या नोंदी,
एकतीस वर्षांच्या, सगळे सुटे कागद,
बुटांच्या खोक्यात राहून कडांना चहासारखे झालेले.

चार-चार कागद एकात एक.
मधोमध घडी, घडीवरून
लाकडी चमच्याची पाठ फिरवायची, दाबून.
हे एक जुज. अशी बावीस.

दाभण गावात मिळालं नाही.
मग एक जुना खिळा घेतला, इथलाच, क्रोपाचा.
इथले खिळे समुद्रापार जायचे
असं वडील सांगत, समोर ऐकणारं कुणी असो नसो.
तो दगडावर घासून टोक काढलं.
प्रत्येक जुजाला पाच भोकं.
तिसऱ्या जुजाच्या पाठीवर एक ठिपका आहे,
तो माझ्या अंगठ्याचा.

धाग्याला मेण शेवटच्या पेटीतलं.
गोळ्यावरून धागा दोनदा ओढला
की बोटांना तो थंड, शहाणा लागतो,
गुंता करत नाही.

शिवताना वाचायचं नाही असं ठरवलं होतं.
पण सुई आत जाते, बाहेर येते,
तेवढ्यात एखादी ओळ दिसतेच:
तीन मार्च. पहिलं उड्डाण. कुंपणापाशी बर्फ अजून.
एकोणीस मे. दुसऱ्या पेटीतली राणी गेली. बघत राहिलो.
अकरा जुलै. चेस्टनटचा मध, चौदा किलो.
झ्देन्का रागावून ल्युब्लियानाला परतली.

चौदा किलो आणि मी, एकाच शाईत.
कशावरून रागावले होते
ते त्यांनी लिहिलं नाही, मला आठवत नाही.
धागा ओढून घेतला. जरा जास्तच;
कागद भोकापाशी फाटला एवढासा.

सोळावं जुज हाती आलं
तेव्हा वाटलं, चुकून वाणसामानाची यादी मध्ये आलीय.
विजेच्या बिलांच्या पाठी,
आकार निम्म्याहून थोडा मोठा,
आणि अक्षर आईचं.
आईचं! मधमाशी दिसली की खिडकी लावून
आतून काचेवर टिचकी मारणाऱ्या आईचं.

त्या वर्षी वडील फुफ्फुसांच्या दवाखान्यात होते,
फेब्रुवारी ते मे.
"सात पेट्या. सहांत आवाज.
सातवीला कान लावला. आहे, पण बारीक."
आणि खाली, पेन्सिलीनं:
"अलोइझला सांगायचं नाही,
हातमोजे घातले नव्हते."

बोगोमिर चष्मा कपाळावर घेऊन म्हणाला,
हे कागद लहान आहेत,
पुस्तक वेडंवाकडं दिसेल.
मागे पाकीट चिकटव, त्यात ठेव.
मी काही बोलले नाही. तोंडात सुई होती.

पाचांतली तीनच भोकं त्या कागदांना पोचतात.
तीन तर तीन.
वरचा टाका मोकळ्या हवेतून खाली आणला,
टोकाला पंधराव्या जुजाच्या गळ्यात अडकवला,
गाठ मारली, परत मारली.
आता बाजूनं पाहिलं तर
पाठकण्यापाशी एक खाच दिसते,
दात पडल्यासारखी.
बोगोमिरला ती दिसत राहणार, दिसू दे.

खळ मैद्याची, थोडी गुठळीची झाली.
पुठ्ठ्यावर आईचा जुना निळा एप्रन.
वजनाला मधाच्या बरण्या ठेवल्या,
भरलेल्या दोनच उरल्यात,
म्हणून बटाट्यांची पिशवीही.

रात्री पाणी प्यायला उठले.
दिवा न लावता
बटाटे उचलले, बरण्या बाजूला केल्या,
आणि पुस्तकाला कान लावला.
हसायचं तर हसा.
आवाज होता, पण बारीक.
खळ वाळत असेल.